उन्हाच्या गावात ‘ड’ जीवनसत्त्व

दिवाळीत दादा-वहिनी अमेरिकेहून आले, तेव्हा चॉकलेटांच्या जोडीला एक भलीमोठी डबी होती. आत अस्वलाच्या आकाराच्या लिबलिबीत, गोड गोळ्या. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या! एका गोळीत 1000 युनिट, रोज दोन घ्यायच्या. "साऱ्या घरानं घ्या, तिकडे सगळेच घेतात," वहिनी म्हणाली. आईनं डबी उलटसुलट करून पाहिली. "वऱ्हाडात उन्हाच्या गोळ्या? आता पावसाच्या बी आन म्हणा!"

हसलो सगळे. पण आईचा प्रश्न खोटा नव्हता. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो, अमरावतीतही फार वेगळं नसतं. हे जीवनसत्त्व कातडीत उन्हानं तयार होतं, तर ते आपण डबीतून कशाला खायचं? शोधता शोधता एक जुनं प्रकरण सापडलं, आणि ते निघालं थेट नाशिकचं.

शंभर वर्षांपूर्वी मुडदूस (लहान मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकण्याचा रोग) कशानं होतो, यावर युरोपात जोरदार भांडण चालू होतं. इंग्लंडात मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून सांगितलं, खाण्यातली उणीव. कॉड माशाचं तेल द्या. त्याच सुमारास, 1919 साली, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवून बरं करून दाखवलं. अन्न की ऊन? (दोघंही बरोबर होते, हे कळायला थोडा वेळ लागला. ‘ड’ हे नाव 1922 चं.)

त्याच 1922 साली हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांचा नाशिक भागातला अभ्यास छापून आला. उपाशी-अर्धपोटी घरांत मुडदूस जास्त असेल असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. दिवसभर रानात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांना, ज्यांच्या ताटात धान्यापलीकडे फारसं काही नव्हतं, त्यांना मुडदूस नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत! ज्या सधन मुसलमान आणि वरच्या जातींच्या हिंदू घरांत पडदा पाळला जाई, तिथल्या लेकी-सुना आणि त्यांची आतल्या अंधाऱ्या खोल्यांत वाढणारी तान्ही मुलं. दूधतूप होतं, ऊन नव्हतं.

हे वाचलं आणि मला अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं घर आठवलं. जाड मातीच्या भिंती, वर एक झरोका, माजघराच्या मागे बाळंतिणीची खोली. उन्हाळ्यात काय गार लागायचं ते घर! आजीचं अख्खं आयुष्य त्या गारव्यात गेलं. दारात यायची ती दिवेलागणीला. साठीच्या आतच ती बदकासारखी झुलत चालायची, कंबर धरून उठायची. घरात त्याला ‘वात’ म्हणत. तो वातच होता की आणखी काही, आता कोण सांगणार?

आपण मात्र आजीच्या काळातून बाहेर आलो, असं वाटतं ना? आमच्याकडे फेब्रुवारीपासून खिडक्यांना पडदे लागतात, मग कुलर. मुली स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळतात. सकाळचं ‘कोवळं ऊन’ आपण फार मानतो, पण कातडीला लागणारे किरण त्यात अगदी थोडे असतात. आपली सावली आपल्याहून आखूड झाली की ते भरपूर मिळतात. म्हणजे नेमकं ज्या वेळी वऱ्हाडी माणूस दार लावून घेतो त्या वेळी! आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा तर या कामी उपयोगच नाही. 2000 साली दिल्लीतल्या निरोगी माणसांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी सापडलं, तेव्हा नवल वाटलं होतं. पुढे तिरुपतीकडे पाहणी झाली. खेड्यातल्यांचं प्रमाण शहरापेक्षा बरं, पण पुरेसं तेही नाही. म्हणजे नाशिकचा धडाही आज जसाच्या तसा लागू करता येत नाही.

मग साऱ्या घरानं घ्यायच्या का? दुसरी बाजूही आहे. 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये दूधपावडर, खाऊ अशा सगळ्यांतच हे जीवनसत्त्व घातलं गेलं आणि काही तान्ह्या मुलांच्या रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं. प्रमाण खाली आणावं लागलं. चवीला गोड अस्वलं मुलाच्या हाताला लागली तर काय, या विचारानं डबी मी आधी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. अमेरिकेत पंचवीस हजारांहून जास्त प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज 2000 युनिट घेऊनही हाडं मोडणं कमी झालं नाही (2022). 2024 मध्ये तिथल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेनं सांगितलं, की पन्नाशीच्या आतल्या धडधाकट माणसानं नेहमीच्या गरजेहून जास्त घेऊ नये. मुलं, गरोदर बायका आणि पंचाहत्तरीपुढचे यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे तान्ह्यांना पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्या, असं बालरोगतज्ज्ञ सांगतातच.

म्हणजे मी आणि बायको बाद. मुलाचं त्याच्या डॉक्टरांवर सोडलं. उरली आई. वय 78, गुडघ्यांमुळे दोन वर्षांत फाटकाबाहेर पडलेली नाही. मनगट मोडलं तेव्हा आठवड्याला साठ हजार युनिटची पुडी दिली होती. आठ पुड्या संपल्या आणि आम्ही सगळेच विसरलो. डबीवर जी सगळ्यात जास्त हसली, गरज तिलाच होती.

तिच्या डॉक्टरांना विचारून आलो. रोज एक चालेल म्हणाले. पण डबीमागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात जिलेटीन! माळकरी आईला ते कसं देणार? शेवटी इथल्याच दुकानातून साधे थेंब आणले. अस्वलं दादाला परत पाठवली, आणि आईची खुर्ची गच्चीवर नेली. अकरा वाजता.

"कायले रे एवढ्या उन्हात?" म्हणाली. पण पंधरा मिनिटं बसली.