मित्राच्या भरवशावरचं शस्त्र

मित्रदेशाकडून शस्त्र घेतलं की खर्च वाचतो. पण मित्राने ते बनवायचंच थांबवलं तर?

१९६० साली ब्रिटनने 'ब्लू स्ट्रीक' हे आपलं क्षेपणास्त्र गुंडाळलं आणि अमेरिकेच्या 'स्कायबोल्ट'वर भिस्त ठेवली. बॉम्बफेकी विमानातून सोडायचं अस्त्र होतं ते. खर्च वाढला, चाचण्या फसल्या आणि १९६२च्या अखेरीस अमेरिकेने तेच रद्द केलं! ब्रिटनकडे दुसरा पर्याय तयारच नव्हता.

डिसेंबरमध्ये पंतप्रधान मॅकमिलन बहामातल्या नासाऊला केनेडींना भेटले आणि 'पोलारिस' मिळवून परतले. पाणबुडी ब्रिटनची, अणुबॉम्ब ब्रिटनचा. पण तो वाहून नेणारं क्षेपणास्त्र अमेरिकेचं. आजच्या 'ट्रायडंट'मध्येही हीच वाटणी आहे. मैत्री टिकली, पण स्वतःचं क्षेपणास्त्र बनवणं कायमचं सुटलं.