उन्हाची किल्ली

आमच्या करकंबात उन्हाचं कौतुक कोणी करत नाही. होळी झाली की त्याला शिव्याच सुरू. पण माझ्या लहानपणी गल्लीतल्या एक खाला रोज सकाळी परसात दोन्ही हात उन्हात धरून बसायच्या. हातांवर कोडाचे डाग, त्यांवर बावचीचं बी उगाळून लावलेलं. त्या डागांपायी त्यांच्या दोन मुलींची लग्नं अडली होती. नुसत्या बीनं काही होत नाही, नुसत्या उन्हानंही नाही, दोन्ही लागतात, असं त्या सांगत.

खरंच होतं ते. बावचीत सोरालेन असतं आणि अतिनील किरण पडल्याशिवाय ते कामाला लागत नाही. तेराव्या शतकात अंदलूसच्या इब्न अल-बैतार या वनस्पतिज्ञानं आत्रिलाल नावाच्या झाडाचं बी देऊन कोडाच्या रुग्णाला उन्हात बसवण्याचा उपाय नोंदवला आहे. त्याच झाडातलं द्रव्य कैरोच्या डॉ. अल-मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात कोडावर वापरलं. १९७४ साली अमेरिकेत सोरायसिससाठी त्याची गोळी आणि यंत्रातले किरण अशी जोडी आली. गोळी अंगभर फिरते, काम मात्र उजेड पडेल तिथंच! (मात्रा चुकली तर कातडी भाजते. घरी करून पाहू नये.)

उजेडाशी जोडता येईल असं दुसरं साधनही याच काळात हाती आलं होतं. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना स्निग्ध द्रव्याच्या पाण्यात आपोआप सूक्ष्म पिशव्या होताना दिसल्या. तेच लायपोसोम. बुरशीवरचं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला जाचतं. अशा पिशवीत भरलं की जाच कमी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी त्यावर मोठं काम केलं. २०२१ साली म्युकरमायकोसिस पसरला, तेव्हा याच औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव धावत होते.

आता पिशवी हव्या त्या जागी उघडायची कशी? तिच्या आवरणात उजेड शोषणारा रंग बसवतात. बाहेरून किरण सोडला की आवरण फाटतं, औषध तिथंच सांडतं. प्रयोगशाळेत, उंदरांवर हे जमलं आहे. अडचण उजेडाचीच आहे. अतिनील किरण कातडीतच अडतो. तांबडा आणि त्यापलीकडचा किरण थोडा खोल जातो, पण यकृता-फुफ्फुसापर्यंत पोचायला प्रकाशाची तार आत न्यावी लागते.

खालांचं काम कातडीपुरतंच होतं. त्यांच्या मनगटावरचे डाग पुष्कळ भरून आले. बोटांच्या टोकांचे तसेच राहिले.