गार पाणी कोणाच्या हातात?

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातले डॉक्टर फ्रांस्वा लरे यांनी 1840 साली मनोरुग्णांच्या उपचारांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत सरळ होती. रुग्णाला टबात बसवायचं, त्याचे भ्रम त्याच्याच तोंडून खोटे म्हणून कबूल करवून घ्यायचे, आणि तो अडला की डोक्यावर गार पाण्याची धार सोडायची. बहुतेक जण कबूल करत. कोण करणार नाही? हा क्रूरपणा आहे, अशी टीका लरे यांच्या हयातीतच झाली.

त्याच सुमारास सिलेशियातल्या ग्रेफेनबर्गला व्हिन्सेंट प्रिसनिट्झ नावाचा शेतकरी लोकांना ओल्या चादरीत गुंडाळून बरं करत होता. त्याच्याकडे श्रीमंत गिऱ्हाइकं हौसेनं येत. हीच चादर पुढे मनोरुग्णालयांत शिरली, आणि तिथे हौसेचा प्रश्न उरला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत खवळलेल्या रुग्णाला ओल्या चादरींत घट्ट आवळून ठेवत, नाहीतर कोमट पाण्याच्या टबात. टबावर जाड कापड ताणलेलं, बाहेर फक्त डोकं. असे तासन् तास, कधी कधी दिवसच्या दिवस. याला उपचार म्हणत. साखळदंडांपेक्षा हे बरं होतं हेही खरं, पण गाठ सोडायची केव्हा, हे रुग्णाच्या हातात नव्हतं.

औषधांच्या इतिहासातही बर्फ डोकावतो. फ्रेंच नौदलातले सर्जन आंरी लाबोरी शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरप्रोमाझिन हे औषध आणि बर्फ मिळून शरीर थंड करण्याचे प्रयोग करत होते. पॅरिसच्या साँत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी 1952 मध्ये बर्फ वगळून नुसतं औषध मनोरुग्णांना दिलं. ते लागू पडलं, आणि पाण्याचे टब हळूहळू अडगळीत गेले.

सगळीकडे एकदम नव्हे. मार्शा लिनेहन नावाची मुलगी 1961 साली, सतराव्या वर्षी, अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’मध्ये दाखल झाली. ती स्वतःला वारंवार इजा करून घ्यायची. तिला क्लोरप्रोमाझिन दिलं, विजेचे झटके दिले, एकांत कोठडीत ठेवलं. बर्फासारख्या गार चादरींत गुंडाळून बांधलंही. दोन वर्षांहून अधिक काळाने, 1963 मध्ये, ती बाहेर पडली. या नरकातून आपण सुटलो तर परत येऊन इतरांना बाहेर काढू, असा तिचा पण होता.

पुढे सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ झालेल्या लिनेहनबाईंनी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ म्हणजे ‘डीबीटी’ ही उपचारपद्धती उभी केली. तिचा पहिला मोठा तुलनात्मक अभ्यास 1991 मध्ये छापून आला. त्यात हा उपचार घेणाऱ्या स्त्रियांचं स्वतःला इजा करणं कमी झालं आणि रुग्णालयातले दिवसही घटले. स्वतःची कहाणी मात्र बाईंनी जाहीरपणे सांगितली थेट 2011 साली, आणि तीही हार्टफर्डच्या त्याच संस्थेत.

‘डीबीटी’मध्ये भावनेची लाट असह्य झाल्यावर वापरायची काही कौशल्यं शिकवतात. त्यांत गार पाणी आहे! श्वास रोखून, पुढे वाकून, चेहरा गार पाण्याच्या भांड्यात अर्धा मिनिट बुडवायचा. पाणी 10 अंश सेल्सियसपेक्षा थंड नको. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. बुडी मारणाऱ्या बदकांत हे पॉल बर्ट यांनी 1870 मध्येच नोंदलं होतं. दुःखाचं कारण यातून मिटत नाही. काही मिनिटांची उसंत मिळते, आणि तेवढ्यात माणूस फोन उचलू शकतो किंवा घरातल्या कुणाला हाक मारू शकतो. लरे आणि लिनेहन यांच्यात दीडशे वर्षं आहेत. माझ्या मते खरा फरक इतकाच, की भांडं आता रुग्णाच्या स्वतःच्या हातात आलं.

जुनी चादर अलीकडेपर्यंत टिकून होती. फ्रान्समध्ये स्वमग्न मुलांना गार ओल्या कापडांत गुंडाळण्याची प्रथा चालूच होती. तिथल्या आरोग्य प्राधिकरणाने 2012 मध्ये तिला स्पष्ट विरोध केला. भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं आणि एकांत कोठडीत डांबणं, दोन्हींवर बंदी घातली.

हृदयविकार असेल, ठोके मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा खाण्यासंबंधीचा आजार असेल, तर चेहरा बुडवण्याचा हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि लाट ओसरतच नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.