एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं?

एआय एजंट आपली कामं करताना वेगवेगळी टूल्स वापरतो. पण टूलच्या आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची त्याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एमसीपी) टूलची ओळख अशीच करून दिली जाते.

मी नागपूरचा, म्हणून उदाहरण इथलंच घेतो. समजा, दोन टूल्सचं वर्णन एकच आहे: ‘ऑरेंजचा रेट सांगते.’ एक मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं, दुसरं कळमना बाजारातल्या संत्र्यांचं. मग एजंट अंदाजच मारणार ना!

त्यापेक्षा असं लिहा: ‘नागपूर मेट्रोच्या दोन स्टेशनांमधलं भाडं रुपयांत सांगते. दोन्ही स्टेशनांची नावं द्या, उदा. खापरी, सीताबर्डी. गाड्यांच्या वेळा सांगत नाही.’

वर्णन लिहून झालं की मी चार गोष्टी तपासतो:

१. टूल नेमकं काय करतं?
२. ते कधी वापरायचं आणि कधी नाही?
३. माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची?
४. उत्तर कोणत्या मापात येतं?

चौथा मुद्दा सोडू नका. भावाच्या टूलमध्ये ‘प्रति क्विंटल’ लिहायचं राहिलं आणि एजंटने तो आकडा किलोचा धरला, तर शेतकऱ्याला शंभरपट चुकीचा भाव कळेल.

शेवटी ते वर्णन कोड न पाहिलेल्या मित्राला वाचायला द्या. त्याला प्रश्न पडला, तर एजंटही तिथेच अडखळण्याची शक्यता आहे.