जॉन्सन व एव्हिनरूड इंजिने : जुन्या यंत्राची ओळख

नावेच्या मागच्या फळीला स्क्रूच्या पकडीने बसवतात, त्या इंजिनाला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. वर सिलिंडर, मधून खाली जाणारा उभा दांडा आणि तळाशी दातेचाके व पंखा अशी त्याची रचना असते. अख्खे इंजिन वळवूनच दिशा बदलतात, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही.

इतिहास : नॉर्वेत जन्मलेले ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे 1909 मध्ये दीड अश्वशक्तीचे, सुमारे 28 किग्रॅ. वजनाचे इंजिन विकायला आणले. त्याआधी कॅमरन वॉटरमन यांची इंजिने बाजारात आली होती. पण हा व्यवसाय खरा रुजला तो एव्हिनरूड यांच्यामुळे. जॉन्सन बंधूंनी 1920 नंतरच्या दशकात हलकी, जोडसिलिंडरची इंजिने आणली. 1936 मध्ये दोन्ही नावे एकाच कंपनीखाली आली. पुढे अनेक मॉडेलांत रंग व झाकण तेवढे वेगळे, आतले भाग तेच, असे घडले.

ओळख : झाकणावरून वय ठरवू नये, कारण झाकणे सहज बदलली जातात. पकडीच्या कंसावरची धातूची पट्टी शोधावी. मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक तिथे असतात. 1980 पासूनच्या मॉडेल क्रमांकात वर्ष ‘इंट्रोड्यूसेस’ या शब्दाच्या दहा इंग्रजी अक्षरांतून दिलेले असते : आय 1, एन 2, टी 3, आर 4, ओ 5, डी 6, यू 7, सी 8, ई 9, एस 0. क्रमांकाच्या शेवटचे अक्षर सोडून त्याआधीची दोन अक्षरे वाचावीत. ती ‘सीओ’ असतील, तर इंजिन 1985 चे. 1980 पूर्वीच्या इंजिनांसाठी कंपनीच्या मॉडेल-यादीशी क्रमांक ताडून पाहावा लागतो.

पट्टी नसेल, तर इंधनाची नळी पाहावी. 1950 नंतरच्या दशकातील अनेक इंजिनांना जोडनळी असते : एका नळीतून इंजिन टाकीत हवेचा दाब भरते, त्या दाबाने दुसरीतून पेट्रोल येते. 1960 च्या सुमारास इंधनपंप आला आणि एक नळी पुरू लागली.

चालवण्यापूर्वी : ही टू-स्ट्रोक इंजिने असल्याने पेट्रोलातच तेल मिसळतात. 1950 नंतरच्या दशकातील बहुतेक इंजिनांना 24 भाग पेट्रोलास 1 भाग तेल लागते. 1964 च्या सुमारापासून बऱ्याच इंजिनांसाठी 50 : 1 प्रमाण आले. रोलर बेअरिंगऐवजी साधी बुशिंग असलेल्या छोट्या इंजिनांना मात्र 24 : 1 च द्यावे. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलला तडे गेले आहेत का, हे तपासावे. थंडाव्याच्या पंपातील रबरी पाते सुकलेले असल्यास बदलावे आणि इंजिन पाण्याबाहेर कोरडे चालवू नये.

मॉडेल क्रमांक पक्का झाल्याशिवाय सुटे भाग मागवू नयेत आणि तेलाचे प्रमाणही ठरवू नये.