मजकुरी खेळांचे कोडबेस आणि मराठी

मड, अर्थात मल्टी-यूजर डंजन, हा केवळ मजकुरावर चालणारा बहुखेळाडू संगणकीय खेळ होय. खेळाडू स्थळाचे वर्णन वाचतो, आज्ञा टंकित करतो आणि परिणाम शब्दांतच पाहतो; त्याच वेळी इतर खेळाडूही त्याच विश्वात वावरत असतात. असा पहिला खेळ रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात लिहावयास घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढविला.

नवे विश्व उभारताना बहुधा तयार कोडबेस आधारास घेतला जातो. लार्स पेन्शो यांच्या एलपीमडमध्ये (१९८९) दालने व वस्तू एलपीसी या स्वतंत्र भाषेत लिहिल्या जातात. त्याच वर्षीच्या टायनीमडने बांधकामाचा अधिकार खेळाडूंनाच दिला. कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांच्या डिकूमडपासून (१९९१) सर्कलमडसारखे अनेक वंशज निघाले. डिकूचा मूळ कोड सर्वांस वाचावयास खुला असला, तरी त्यापासून नफा मिळविण्यास त्याचा परवाना मनाई करीत असे व मूळ लेखकांचा नामनिर्देश सक्तीचा होता. म्हणून कोड उतरवून घेण्यापूर्वी परवाना वाचणे अगत्याचे ठरते.

कोडबेस कोणताही असो, विश्वाचा मूळ घटक 'दालन' हाच: नाव, वर्णन आणि बाहेर पडण्याच्या दिशा. होळकर घराण्यातील व्यक्तींच्या छत्र्या असलेली इंदूरची छत्रीबाग खेळात आणावयाची झाल्यास प्रवेशद्वार, बाग आणि प्रत्येक छत्री ही वेगवेगळी दालने होतील व दिशांनी जोडली जातील. दालनांचे हे वर्णन मराठीत लिहिणे सोपे आहे. खरी अडचण खेळाडूची आज्ञा समजून घेण्यात आहे.

डिकू परंपरेतील जुना कोड मूळ स्वरूपात केवळ इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे स्वीकारतो आणि उरलेली अक्षरे गाळून टाकतो. त्यामुळे देवनागरी आज्ञा पोहोचण्यापूर्वीच नाहीशी होते. हा अडसर दूर केला तरी दुसरा उरतो. हा कोड पहिल्या शब्दास क्रियापद मानतो. मराठी माणूस मात्र 'दिवा घे' असे म्हणतो. क्रियापद शेवटी येते. शिवाय नामाचे रूप पालटते: 'दिवा' हा 'दिव्यात' होतो, 'घोडा' हा 'घोड्यावर'. वस्तूच्या नावाशी अक्षरशः जुळणारा शब्द शोधणारा कोड येथे थबकतो. मराठी मडला म्हणूनच वाक्य शेवटाकडून वाचणारा आणि सामान्यरूपावरून मूळ नाम ओळखणारा आज्ञावाचक हवा.

यासाठी पायथॉन भाषेतील एव्हेनिया हा कोडबेस सोयीचा आहे. तो युनिकोड जाणतो, आज्ञावाचक बदलण्याची मुभा देतो आणि त्याचा बीएसडी परवाना व्यावसायिक वापरासही आडकाठी करीत नाही. सामान्यरूपांचे नियम मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत पूर्वीपासून आहेत. ते कोडमध्ये उतरविण्याचे काम मात्र मराठी जाणणाऱ्यांनाच करावे लागेल. ते न झाल्यास वर्णन मराठीत आणि आज्ञा इंग्रजीत, अशी दुभंगलेली खेळविश्वेच आपल्या वाट्यास येतील.