म्हैसूरची शाई

१२. म्हैसूरची शाई : मतदाराच्या डाव्या तर्जनीवर ओढतात ती. ‘मैसूर पेंट्स अँड व्हार्निश’ या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात ती तयार होते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या काळात, १९३७ साली निघालेला हा कारखाना. निवडणुकीची शाई इथे १९६२ पासून. तीत सिल्व्हर नायट्रेट असते, त्यामुळे लावताना जांभळट दिसणारा डाग उजेडात काळा पडतो आणि नख वाढेपर्यंत हटत नाही. (लिंबू चोळून पाहणारे दर निवडणुकीला भेटतातच.) राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडणाऱ्या घाना, नायजेरियासारख्या देशांतही ही शाई गेली आहे. लेखकाने मात्र ‘या शाईने आपण राष्ट्रपती निवडतो’ असे ठोकून दिले आहे, ते चूक. घटनासमितीत के. टी. शहा यांनी थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता. नेहरूंनी तो मानला नाही. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असताना राष्ट्रपतीसाठी देशभर मतदान कशाला, हा त्यांचा मुद्दा, आणि तो पटण्यासारखा आहे. अनुच्छेद ५४ प्रमाणे राष्ट्रपतीला मत देतात ते निवडून आलेले खासदार-आमदार. महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य १७५, कर्नाटकाच्या आमदाराचे १३१. दोन्ही १९७१च्या लोकसंख्येवरून काढलेली. — संपा.